अनेक भाषांतील कारभार: बहुभाषिक आंतरराष्ट्रीय संबंधांचा पदव्युत्तर अभ्यास आणि मराठवाडा

१. विषयाची व्याप्ती

राज्ये, आंतरराष्ट्रीय संघटना आणि कंपन्या यांचे आपसांतले व्यवहार एकाहून अधिक भाषांतून कसे चालतात, याचा शोध बहुभाषिक आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतो. करार कोणत्या भाषेत लिहायचा, वाद निघाल्यास कोणता मजकूर प्रमाण मानायचा, वाटाघाटीतील दुभाष्या कोणी नेमायचा आणि त्याची जबाबदारी कोणाशी, हे त्याचे मूळ प्रश्न आहेत. आंतरसांस्कृतिक व्यवस्थापन हा त्याचा जोडविषय. वेगवेगळ्या समाजांत वाढलेली माणसे एका संस्थेत काम करू लागतात, तेव्हा अधिकार, वेळ, नकार, चूक आणि विश्वास यांविषयीच्या त्यांच्या समजुती कुठे जुळतात, कुठे अडतात आणि अडल्यावर काम पुढे कसे न्यायचे, हे तो पाहतो. पहिला विषय राज्यशास्त्र आणि कायद्याच्या अंगाने वाढला, दुसरा मानवशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्राच्या. भाषेच्या प्रश्नाशी दोघांची गाठ पडते.

या दोहोंना एकत्र शिकवण्याचे प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाले. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील युद्धकाळातल्या एका विमानतळावर १९४६ साली थंडरबर्ड ही व्यापारशिक्षणाची संस्था निघाली. परदेशी भाषा, प्रदेश-अभ्यास आणि व्यापार असे तिच्या अभ्यासक्रमाचे तीन भाग होते. पॅरिसमध्ये १९५७ साली स्थापन झालेल्या इझीट या संस्थेने अनुवाद व दुभाषेगिरीपासून सुरुवात केली आणि पुढे आंतरसांस्कृतिक व्यवस्थापनापर्यंत मजल मारली. भारतात १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले. १९७० साली ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. त्याच विद्यापीठात परदेशी भाषांचेही मोठे केंद्र उभे राहिले.

तरीही भारतीय विद्यापीठांत या तीन गोष्टी बहुधा तीन इमारतींत राहिल्या. आंतरराष्ट्रीय संबंध राज्यशास्त्र विभागात आणि मुख्यतः इंग्रजीतून शिकवले जातात. परदेशी भाषा शिकवणाऱ्या विभागांचा ओढा साहित्याकडे असतो. व्यवस्थापनाच्या संस्थांत भाषा हा ऐच्छिक, कमी गुणांचा विषय ठरतो. त्यामुळे जपानी जाणणाऱ्या विद्यार्थ्याला करार वाचता येत नाही, आणि करार वाचणाऱ्याला समोरच्या माणसाशी दुभाष्याशिवाय बोलता येत नाही. ही फूट बुजवणे हे पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पहिले काम आहे.

२. दख्खनचा पूर्वानुभव

हा विषय पाठ्यपुस्तकांतून नवा वाटला, तरी दख्खनमधील त्याची प्रथा जुनी आहे. आजच्या छत्रपती संभाजीनगरचे मूळ असलेले खडकी हे शहर १६१० साली मलिक अंबरने वसवले. मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. गुलाम म्हणून विकला जात तो अरबस्तान आणि बगदादमार्गे दख्खनला आला आणि निजामशाहीचा सर्वसत्ताधीश वजीर झाला. त्याच्या पदरी हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे सरदार एकत्र होते, आणि मोगलांविरुद्धचे त्याचे गनिमी युद्ध या मिश्र फौजेच्या बळावर चालले. १६१७ साली पीटर व्हान डेन ब्रुके हा डच व्यापारी त्याला भेटला. त्या भेटीचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे.

दख्खनच्या सुलतानशाह्यांचा कारभार द्विभाषिक होता. वरच्या दफ्तराची भाषा फारसी, गावपातळीवरील महसुलाची भाषा मराठी. आदिलशाहीतील अनेक फर्मानांवर फारसी मजकुरासोबत मोडी लिपीतील मराठी मजकूर आढळतो. देशमुख, देशपांडे आणि कुलकर्णी या वतनदारांना मराठी मजकूर कळे, दरबाराला फारसी. दोन्ही मजकुरांचे काम एकच, वाचक मात्र वेगळे. या व्यवस्थेतूनच पारसनीस हे फारसी पत्रव्यवहार सांभाळणारे पद तयार झाले आणि पुढे ते आडनाव म्हणूनही टिकले. शिवकाळात राजव्यवहारकोश तयार झाला. फारसी राजकीय संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देणारा तो कोश म्हणजे प्रशासनाच्या भाषेविषयी राज्यसंस्थेने जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय होता.

१६७४ सालची इंग्रजांची रायगडभेट हा वाटाघाटींच्या अभ्यासाला फार उपयोगी असा प्रसंग आहे. मुंबईच्या इंग्रजांनी नारायण शेणवी या आपल्या दुभाष्याला आधी पाठवले. त्यानंतर त्यांचा प्रतिनिधी हेन्री ऑक्झिंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास रायगडावर पोहोचला. इंग्रजांच्या मागण्यांपैकी बहुतेक मान्य झाल्या. घासाघीस झाली ती दोन कलमांवर: इंग्रजी नाण्यांचे स्वराज्यातील चलन, आणि फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांवरील मालाचा हक्क. असा माल मूळ मालकाला परत करण्याची रीत कोकण किनाऱ्यावर नव्हती. इंग्रजांच्या दृष्टीने तो मालकी हक्काचा साधा प्रश्न होता, तर किनाऱ्यावरच्या राज्यकर्त्याच्या दृष्टीने प्रस्थापित हक्क सोडण्याचा. हा तिढा दुभाष्याने कितीही नेमके भाषांतर केले असते तरी सुटणारा नव्हता, कारण मतभेद दोन कायदेपरंपरांमधला होता. भाषांतराची अडचण कुठे संपते आणि हितसंबंधांची कुठे सुरू होते, हे ओळखण्याचा पहिला धडा येथे मिळतो.

गोव्याच्या बाजूनेही अशीच साखळी दिसते. पोर्तुगिजांनी शेजारच्या दरबारांत पाठवलेल्या मध्यस्थांमध्ये हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी होते. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दफ्तरखान्यातील कागदांवरून १९५२ साली त्यांच्यावर पोर्तुगीज भाषेत ग्रंथ लिहिला. पेशवाईत हैदराबादच्या दरबारी मराठ्यांचा वकील कायम राही. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईआधीच्या वर्षांत गोविंदराव काळे हे काम पाहत होते. वकिलाची पत्रे मराठीत, दरबारातील बोलणे दख्खनी व फारसीत, आणि इंग्रज रेसिडेंटाशी संबंध आला की तिसरी भाषा, असा तो व्यवहार होता.

छत्रपती संभाजीनगरच्या जडणघडणीतही दूरदेशांचे धागे आहेत. पाणचक्कीचा परिसर ज्यांच्या नावाशी जोडला जातो ते बाबा शाह मुसाफिर मध्य आशियातून आलेले नक्षबंदी सूफी होते. तिकडून येणाऱ्या प्रवाशांना आणि शिपायांना त्यांच्या तकियात आसरा मिळे. पुढे आसफजाही राजवटीत हैदराबाद संस्थानात उर्दू, तेलुगू, मराठी आणि कन्नड या चार भाषांचे लोक एका छत्राखाली आले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू हे माध्यम ठरले आणि पाठ्यपुस्तकांसाठी वेगळा अनुवाद विभाग उघडावा लागला. मराठीभाषक विद्यार्थ्याला मात्र परक्या माध्यमातून शिकावे लागले. मराठवाड्यातील मागच्या पिढ्यांचे उर्दूवरील प्रभुत्व आणि मातृभाषेच्या शाळांसाठीची त्यांची चळवळ, या दोन्ही गोष्टी त्याच इतिहासातून आल्या. बहुभाषिकतेत सत्ता कोणाच्या भाषेकडे असते, हा प्रश्न इथे पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

३. संस्थांमधील भाषाव्यवहार

आधुनिक आंतरराष्ट्रीय संस्थांनी हा प्रश्न नियमांनी सोडवण्याचा प्रयत्न केला. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेचे चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी आणि स्पॅनिश हे पाचही पाठ सारखेच प्रमाण आहेत. १९७३ साली आमसभेने अरबीचा समावेश केला आणि अधिकृत भाषा सहा झाल्या. सचिवालयाचे रोजचे काम मात्र मुख्यतः इंग्रजी आणि फ्रेंचमधून चालते. युरोपीय संघात १९५८ साली चार अधिकृत भाषा होत्या, आता २४ आहेत. प्रत्येक भाषेतून इतर प्रत्येकीत अनुवाद करायचा, तर ५५२ जोड्या होतात. एवढ्या जोड्यांसाठी थेट अनुवादक मिळणे अशक्य असल्याने अनेकदा मजकूर आधी इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मनमध्ये आणून तेथून पुढे नेतात. औपचारिक समानता आणि प्रत्यक्ष सोय यांतले हे अंतर अभ्यासकाला आकड्यांनिशी मांडता आले पाहिजे.

एकाच वेळी ऐकून बोलण्याची दुभाषेगिरी मोठ्या प्रमाणावर प्रथम न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्हेगार खटल्यात, १९४५-४६ साली, वापरली गेली. हे काम इतके थकवणारे असते, की दुभाषे जोडीने बसतात आणि साधारण अर्ध्या तासाने बोलणारा बदलतो. न्यूरेंबर्गआधी वक्ता थांबला की दुभाष्या बोलत असे. राजनैतिक भेटींत आजही ती जुनी पद्धत पसंत केली जाते, कारण मधल्या वेळेत दोन्ही पक्षांना विचार करायला सवड मिळते.

अनेक भाषांतील करारांचा अर्थ लावण्याचे नियम १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या ३३व्या कलमात आहेत. सर्व प्रमाण पाठांचा अर्थ एकच आहे असे गृहीत धरायचे, आणि तफावत उरलीच तर कराराचे उद्दिष्ट लक्षात घेऊन पाठांचा मेळ घालणारा अर्थ स्वीकारायचा, असे ते कलम सांगते. भारताचे द्विपक्षीय करार अनेकदा हिंदी, समोरच्या देशाची भाषा आणि इंग्रजी अशा तीन भाषांत होतात. तिन्ही पाठ प्रमाण असतात, पण मतभेद झाल्यास इंग्रजी पाठ मानायचा, असे कलम शेवटी घातले जाते. त्यामुळे वाद सोडवणे सोपे होते. त्याचबरोबर हिंदी पाठ काळजीपूर्वक तपासण्याची निकड कमी होते, हेही खरे.

भारतीय परराष्ट्र सेवेतील प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला एक परदेशी भाषा शिकावी लागते. या बाबतीत मराठी माणसांची कामगिरी नोंदवण्याजोगी आहे. वसंत परांजपे यांनी पेकिंग विद्यापीठात शिक्षण घेतले, १९५४ साली नेहरूंच्या चीनभेटीत दुभाष्याचे काम केले आणि पुढे दक्षिण कोरियात राजदूतपद सांभाळले. चिनीचे जाणकार विजय गोखले चीनमध्ये राजदूत होते आणि २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिव. कोल्हापूर जिल्ह्यातील ज्ञानेश्वर मुळे यांनी टोकियोतील नेमणुकीत जपानी आत्मसात केली आणि मराठी लेखनही चालू ठेवले. भाषेचे ज्ञान अधिकाऱ्याला कोणत्या टेबलावर बसवते, हे या कारकिर्दींवरून स्पष्ट होते.

४. आंतरसांस्कृतिक व्यवस्थापन: सिद्धान्त आणि एमआयडीसी

या विषयाचा पाया अमेरिकी मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी घातला. परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देताना आलेला अनुभव त्यांनी १९५९ च्या ग्रंथात मांडला. काही समाजांत बरेचसे शब्दांत सांगितले जाते, तर काहींत प्रसंग, नाते आणि मौन यांवरून समजून घ्यावे लागते, ही त्यांची विभागणी आजही शिकवली जाते. त्यानंतर डच संशोधक खेर्त हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या जगभरच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ दरम्यान भरून घेतलेल्या सुमारे १,१६,००० प्रश्नावल्यांचे विश्लेषण केले आणि १९८० साली ते प्रसिद्ध केले. अधिकारातील विषमता लोक किती स्वीकारतात, याच्या त्यांच्या निर्देशांकात भारताला ७७ आणि जर्मनीला ३५ गुण आहेत. अनिश्चितता टाळण्याच्या निर्देशांकात भारताला ४०, दक्षिण कोरियाला ८५ आणि जपानला ९२.

हे आकडे सुरुवातीला उपयोगी पडतात आणि नंतर दिशाभूल करतात. एकाच कंपनीतील नोकरदारांवरून सगळ्या देशाचा स्वभाव ठरवता येतो का, असा आक्षेप ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ साली सविस्तर मांडला. भारतापुरता त्याहून मोठा आक्षेप असा, की ७७ हा आकडा कोणाचा? त्यात प्रदेश नाही, जात नाही, स्त्री-पुरुष भेद नाही. परदेशातील संस्थांनाही आता जातीचा विचार करावा लागतो. अमेरिकेतील सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला. राष्ट्रीय सरासरीवर उभे असलेले व्यवस्थापनशास्त्र अशा वेळी अपुरे पडते.

सिद्धान्त तपासून पाहण्यासाठी संभाजीनगरची औद्योगिक वसाहत सोयीची आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, आणि त्याच दशकात कंपनीने जपानच्या कावासाकीशी तांत्रिक सहकार्य केले. शेंद्र्यात स्कोडाचा प्रकल्प २००१ पासून आहे. कंपनी चेक, तिची मालकी जर्मन उद्योगसमूहाकडे, आणि लाइनवरचे कामगार मराठवाड्यातले. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेअंतर्गत ऑरिक ही सुमारे १०,००० एकरांची नगरी उभी राहते आहे. तेथे दक्षिण कोरियाच्या ह्योसंग कंपनीने स्पँडेक्स धाग्याचा कारखाना उभारला. या कारखान्यांभोवती शेकडो लहान व्हेंडर आहेत. कायझेन, कानबान, फाइव्ह एस हे जपानी उत्पादनपद्धतीतले शब्द तेथील मराठी बोलण्यात रुळले आहेत.

जपानी उत्पादनपद्धतीत दोष दिसताच कामगाराने लाइन थांबवणे अपेक्षित असते. भारतीय कारखान्यात कामगार तसे करायला कचरतो, तेव्हा त्याचे कारण पाठ्यपुस्तक तयार ठेवते: अधिकारापुढे नमण्याची संस्कृती. प्रत्यक्षात ठेकेदारामार्फत लागलेल्या, सहा-आठ महिन्यांच्या नेमणुकीवर असलेल्या मुलाने लाइन थांबवली, तर नुकसानीचा ठपका त्याच्यावर येण्याची आणि पुढची नेमणूक हुकण्याची भीती असते. कायम कामगार तीच लाइन निर्धास्तपणे थांबवतो. दोघांची संस्कृती एकच, नोकरीच्या अटी वेगळ्या. परदेशी व्यवस्थापक याला स्वभाव समजला, तर तो प्रशिक्षण वर्ग घेईल. कारण ओळखले, तर नियम बदलेल. संस्कृतीच्या खात्यावर टाकलेल्या अडचणींपैकी किती खरोखर संस्कृतीच्या आणि किती पगार, करार व सुरक्षिततेच्या, हे वेगळे करून दाखवणे ही या विषयातील सर्वांत मोलाची कसोटी मानली पाहिजे. आणि हे वेगळे करण्यासाठी कामगाराशी त्याच्या भाषेत बोलता यावे लागते. व्यवस्थापन परिषदेतील इंग्रजी तेथे पुरत नाही.

अजिंठ्याचा अनुभवही याच सदरात येतो. निजाम सरकारने १९२०-२२ च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या जतनासाठी बोलावले. त्यांनी चित्रांचे सुटणारे थर पक्के केले, पण वापरलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले आणि नंतरच्या तज्ज्ञांना ते काढत बसावे लागले. १९८३ साली अजिंठा व वेरूळ यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यानंतर जपानच्या सवलतीच्या कर्जातून दोन टप्प्यांत संवर्धन व पर्यटनाचा प्रकल्प राबवला गेला. परदेशी कौशल्य, स्थानिक हवामान, पुरातत्त्व खाते, राज्य सरकार आणि कर्ज देणारी संस्था यांचा मेळ कसा घालायचा, याचे हे शंभर वर्षांचे उदाहरण घराजवळ उपलब्ध आहे.

५. अभ्यासक्रमाची रचना

पदव्युत्तर अभ्यासक्रमाची सर्वांत कठीण अडचण वेळेची आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे इंग्रजीभाषक प्रौढाला व्यावसायिक वापराइतकी जपानी, कोरियन, चिनी किंवा अरबी यायला सुमारे २,२०० तासिका लागतात. दोन वर्षांच्या एम.ए.त दर आठवड्याला पाच तास, सत्रात पंधरा आठवडे आणि चार सत्रे धरली, तर ३०० तास होतात. म्हणजे भाषा शून्यापासून शिकवून दोन वर्षांत वाटाघाटी करणारा विद्यार्थी तयार होणार नाही. मराठीभाषकाला जपानी आणि कोरियनची वाक्यरचना तुलनेने जवळची वाटते, कारण तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते आणि नामांना विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मागून जोडली जातात. तरीही लिपी आणि शब्दसंग्रह यांचा भार कमी होत नाही.

यातून दोन निष्कर्ष निघतात. प्रवेशासाठी एका परदेशी भाषेची मध्यम पातळी अट म्हणून असावी. युरोपीय मापनात ती बी-१, जपानीच्या परीक्षेत एन-३ म्हणता येईल. आणि तेथपर्यंत पोहोचण्यासाठी पदवीच्या वर्षांत भाषा शिकवण्याची सोय हवी. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने भाषांसाठी पाच वर्षांचा सलग मार्ग ठेवला, तो याच कारणाने.

अशा पायावर दोन वर्षांत पुढील गोष्टी बसवता येतात. पहिल्या सत्रात आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धान्त, करारांचा कायदा आणि संशोधनपद्धती. दुसऱ्यात निवडलेल्या भाषेच्या प्रदेशाचा इतिहास, राजकारण आणि उद्योगरचना. तिसऱ्यात वाटाघाटी, अनुवाद आणि आंतरसांस्कृतिक व्यवस्थापन यांचे प्रात्यक्षिक. चौथ्यात प्रबंध. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे श्रेयांक जोडले गेले आहेत. ते वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत, पर्यटन क्षेत्रात किंवा परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात पूर्ण करता येतील. प्रबंधाची अट एकच असावी: किमान दोन भाषांतील मूळ साधने विद्यार्थ्याने स्वतः वाचलेली असावीत.

मूल्यमापनही विषयाला साजेसे हवे. दोन भाषांतील एकाच कराराचे मसुदे ताडून पाहणे, दुभाष्यासह तासाभराची वाटाघाट चालवणे, कारखान्यातील एखाद्या तिढ्याचा लेखी अहवाल मराठीत आणि परदेशी भाषेत देणे, या परीक्षा तीन तासांच्या उत्तरपत्रिकेपेक्षा अधिक सांगून जातात.

६. मराठवाड्याची साधने

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले. त्याआधी, १९५० साली, डॉ. आंबेडकरांनी येथे मिलिंद महाविद्यालय काढले होते. विद्यापीठात पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतील विद्यार्थी शिकायला येतात, म्हणजे अरबी बोलणारे सहाध्यायी आवारातच आहेत. मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे शहरात आहेत, आणि मोगलकालीन दख्खनच्या फारसी कागदपत्रांचा मोठा संग्रह हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहे. जी-२० परिषदेच्या वर्षी, २७ आणि २८ फेब्रुवारी २०२३ रोजी, महिलाविषयक डब्ल्यू-२० गटाची प्रारंभिक बैठक याच शहरात झाली. यजमानपद निभावण्याइतकी व्यवस्था शहराकडे आहे, हे तेव्हा दिसले. अशा बैठकांना लागणारे दुभाषे, मसुदाकार आणि संयोजक इथे तयार करणे ही पुढची पायरी आहे.

या सर्व रचनेत मराठीचे स्थान गौण ठेवून चालणार नाही. मॉरिशसमध्ये मराठी मूळ असलेला समाज आहे, आणि तेथे १९९१ साली जागतिक मराठी परिषद भरली. इस्रायलमधील बेने इस्रायल समाजाने मराठीशी नाते टिकवले. कारखान्यातील कामगार, शेंद्र्याच्या जमिनींचे मूळ मालक आणि अजिंठ्याच्या पायथ्याचे दुकानदार मराठी बोलतात. आंतरराष्ट्रीय व्यवहारात ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांची भाषा अभ्यासक्रमाबाहेर राहिली, तर विषय अर्धाच शिकवला जाईल.

म्हणून विद्यापीठ, भाषाविभाग, व्यवस्थापन संस्था आणि उद्योगसंघटना यांनी आपापल्या स्वतंत्र प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची संख्या वाढवण्याऐवजी एक सामायिक पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा करावा. परदेशी भाषेची प्रवेश-पातळी, मराठीतील अनिवार्य लेखन आणि कारखान्यातील प्रत्यक्ष काम या तीन अटी त्यात सैल होऊ देऊ नयेत. भाषेची पूर्वतयारी वर्षानुवर्षांची असल्याने तिची सुरुवात पदवीच्या पहिल्या वर्गापासून करावी लागेल.